वळचणीपासून तिसरी ओळ

२० एप्रिल १९५२, रविवार

सुमेधा आली आणि निकाल देऊन गेली. छप्पर नीट झालं तर यंदाचा पावसाळा मी या घरात. थेंबभर जरी गळलं तर बिऱ्हाड हलवायचं — डोंबिवलीला, तिच्याकडे.

"अण्णा, एकट्या माणसानं गळक्या घरात चार महिने काढायचे? खाडीचा वारा, त्यात तुमची छाती! आई होती तेव्हाची गोष्ट वेगळी."

मी हो म्हटलं.

"हो म्हणजे काय? छप्पर करून घेणार, की येणार?"

"जे होईल ते."

चिडली. लहानपणी पाढा चुकला की चिडायची तशीच. जाताना म्हणाली, स्वयंपाकघराच्या भिंतींना चुनाही काढून घ्या, किती कळकट झाल्यात! तिच्या पिशवीत माझी दोन धोतरं गेली, धुवायला. 'इथे धुण्याला बाई आहे की' म्हणायचं राहिलं.

खरं सांगायचं तर डोंबिवली काय नि कोपरी काय. फक्त उठायचं म्हटलं की उठवत नाही. एवढंच.

२२ एप्रिल, मंगळवार

चहा आजही फसला. आधी विसरलो, मग ठेवला तो आटला. चहाची वेळ कशी ओळखायची, हे बासष्टाव्या वर्षी कुणाला विचारणार? पूर्वी दारात पाय टाकला की कप समोर. वाफ निघत असायची. बायकांच्या हे अंगातच असतं, असं मी धरून चाललो होतो.

२४ एप्रिल, गुरुवार

अंगणात उभा राहून छप्पर पाहिलं. पाहिलं म्हणजे नीट पाहिलं. एरवी माझं बघणं म्हणजे कौलांच्या ओळी मोजायच्या आणि त्यात लघु-गुरु बसवायचे. दरसाल वैशाखात काळुराम वर चढायचा, मी इथेच आंब्याखाली उभा, ओठांत काहीतरी चालू. शाळेत चाळीस मुलं एका सुरात कविता म्हणायची तेव्हा वर्गाची कौलं थरथरल्यासारखी वाटत. ती आठवण घेऊन मी इथे उभा राहायचो. कल्याणच्या त्या वर्गात अजून कुणी मोठ्यानं म्हणवून घेतं की नाही कोण जाणे. आता मनातल्या मनात वाचा म्हणतात.

तर छप्पर. पूर्वेला, खाडीच्या अंगाला, एक ओळ मधेच खाली बसलीय. खालची पट्टी गेली असणार. आढ्यावरच्या कोन्यांचा, म्हणजे माथ्याच्या कौलांचा, चुना फुटून त्याचे खडे अंगणात पडलेत — मी महिनाभर ते चिमण्यांचं काम समजत होतो. वळचणीची तीन कौलं वाऱ्यानं उचलून तिरपी झालीत. आत भिंतीवर दोन ओघळ, चहाच्या रंगाचे.

हे सगळं ही बघायची. माझ्याकडे वैशाख लागला की निरोप यायचा — "काळूला सांगून या." मी सांगून यायचो. माझं काम तेवढं.

स्वयंपाकघरात चुलीसमोरच्या भिंतीवर गेरूचे ठिपके आहेत, आज दिसले. आठ ठिपके, तिरप्या रेघेत. वर दाटीनं, खाली सुटे. त्याखाली, पार जमिनीपर्यंत, आणखी आठ, पुसट. हिचं कसलंसं व्रत असावं. मी कधी विचारलं नाही. चुना काढला की जातील.

२८ एप्रिल, सोमवार

काळुराम आला. कोपरी गावातलाच, बाप मिठागरात होता, हाही निम्मं आयुष्य तिथेच, उन्हाळ्यात बापासारखीच लोकांची छपरं करतो. केस पांढरे झालेत त्याचेही. दारात थांबला. आत यावं की नाही, कळेना त्याला. पाच महिने झाले, पण हिच्या माघारी तो पहिल्यांदा येतोय.

"बाय नाय तं घर वळखाला येत नाय, मास्तर."

मी म्हटलं, बस. पाणी दिलं. गूळ द्यायचा असतो, विसरलो.

शिडी लावून वर गेला. कोयत्याचं टोक वाशात खुपसून बघत होता. खाडीकडच्या चार वाशांत टोक लोण्यात जावं तसं गेलं.

"वाशाची टोकं खाल्ली खाऱ्यानं. खिळं तं बघा —" मुठीत आणून दाखवले. खिळे कसले, तांबडी भुकटी. "लोखंड खाते ही हवा. कौल नाय खात. कौल शंभर वर्सं ऱ्हाते, पन त्याला धरनारा ऱ्हायला पायजे ना!"

ते वाक्य पूर्वी मी वहीत उतरवून ठेवलं असतं. आज उतरवलंय ते नुसतं सवयीनं.

ठरलं: वाशांची कुजकी टोकं कापून नवे सांधे, त्यांना डांबर. पट्ट्या बदलायच्या. कोने पुन्हा चुन्यात बसवायचे. वळचणीची कौलं तांब्याच्या तारेनं बांधायची — लोखंडी तार नको म्हणाला. पश्चिमेचा पाखा, म्हणजे तिकडचा उतार, त्या मानानं बरा आहे, पण पट्ट्या तिथल्याही बदलू.

१ मे, गुरुवार

मधल्या आळीतल्या विश्रामपंतांना पत्र लिहायचं होतं, मुंजीचं आमंत्रण आलंय त्याला उत्तर. खाली सहीच्या आधी हिचं नाव यायचं. आता नावाआधी 'कै.' लिहायचं की नाव गाळायचं? पत्र राहिलं.

५ मे, सोमवार

कौलं उतरवली. घर उघडं. माजघरात ऊन! पस्तीस वर्षांत त्या फरशीनं ऊन पाहिलं नसेल.

काळुरामची बायको तुळसा कौलं हातोहात खाली घेते आणि रचते. धोतराचा काष्टा घातल्यासारखं लुगडं, तोंड सारखं चालू. मी सवयीनं आंब्याखाली उभा. ती शिडीवरून ओरडली, "मास्तर, हितं उबं ऱ्हाऊन कविता नका करू. कौल डोक्यात पडंल तं कविता वर जाईल आन् तुमीपन!"

काळुराम वरून — "ए, मास्तरांशी कशी बोलतंस!"

"मंग? बाय असती तं तीपन हेच बोलली असती."

बोलली असती. खरंच. एका वर्षी ही आतलं काम करून बाहेर आली ती केसांत जळमटं, तोंड काळं, हातात काठी. मी म्हटलं, काय हे रूप — साक्षात मेघमाला! तर म्हणाली, "मेघमालेला आधी तांब्याभर पाणी द्या."

तुळसा हसली तेव्हा मी हसलो का? आठवत नाही.

अंगणात पिंप ठेवून तिनं चुन्याच्या कळ्या भिजत घातल्या. आठवडाभर मुरला पाहिजे म्हणते, मग आतल्या भिंती ती काढून देईल.

७ मे, बुधवार

सांधे झाले. डांबराचा वास. जेवण गेलं नाही.

८ मे, गुरुवार

कौलं चढली. आज आतलं काम होतं. ते हिचं काम.

पद्धत अशी: ऊन बरोबर डोक्यावर आलं की घराची सगळी दारं-खिडक्या लावून घ्यायची. आत काळोख. मग जिथे जिथे कौल फुटलंय, सरकलंय, तिथून उजेड आत येतो. आतल्या माणसानं त्या भोकातून बारीक काठी वर सारायची. छपरावरचा माणूस काठी वर आलेली बघतो आणि तिथलं कौल बदलतो किंवा सरकवतो. उजेड विझला की आतून ओरडायचं, "झालं!" वरच्याला भोक दिसत नाही, आतल्याला कौल दिसत नाही. दोघं लागतात.

तुळसा म्हणाली, मी करतंय आतला. मी म्हटलं, नको, मी करतो. का म्हटलं कोण जाणे.

दारं लावली. बसलो क्षणभर. वर बघितलं. पूर्वीचा मी असतो तर नक्षत्रं म्हटलं असतं. भोकं होती. एकोणीस.

एकेक करत गेलो. स्टुलावर चढायचं, काठी सारायची. मान दुखते. डोळ्यांत माती पडते. वर काळुरामचे पाय वाजतात, कौल कुरकुरतं, उजेड जातो. "झालं!" माझा आवाज काळोखात मोठा वाटला. तीस-पस्तीस वर्षं हा शब्द मी बाहेरून ऐकलाय, तिच्या आवाजात.

स्वयंपाकघरात शेवटचं एकच राहिलं. पश्चिमेच्या पाख्यावर, वळचणीजवळ खाली — हात पोचेल इतकं. भोक नव्हे, खिडकीच म्हणायची. कौलाचा कोपराच तुटलेला, रुपयाएवढा. हेच ते! दरसाल पावसाळ्यात इथे पातेलं. टप, टप. जेवताना, निजताना. मी वैतागून म्हणायचो, "सगळं छप्पर होतं, ही एक गळती तुला बंद करून घेता येत नाही?" ती म्हणायची, "राहू दे हो. भांडं आहे ना."

काठी सारली. वर काळुराम थांबला. कौल वाजेना.

"मास्तर, यो पन?"

"हो."

"यो वळचनीचा? तिसऱ्या वळीतला?"

"अरे हो! सगळीच म्हटलं ना. एकही ठेवायचं नाही."

मग कौल कुरकुरलं. काळोख झाला.

"झालं," मी म्हटलं.

९ मे, शुक्रवार

काळुरामनं वरून आठ कळशा पाणी ओतून दाखवलं. मी आत प्रत्येक खोलीत उभा राहिलो. थेंब नाही. सुमेधाला कार्ड टाकलं — छप्पर कोरडं आहे.

म्हणजे मी इथे राहायचं. बरं.

१० मे, शनिवार

काही नाही.

११ मे, रविवार

सुमेधा आणि जावई सुधीरराव आले होते. सुधीररावांनी मान वर करून चारी खोल्या पाहिल्या, "फर्स्ट क्लास काम!" म्हणाले. सुमेधा स्वयंपाकघरात जरा जास्त वेळ उभी राहिली. म्हणाली, "अण्णा, अंधार वाटतो नाही इथे?"

"चुना निघाला की उजळेल."

"हं."

पोहे तिनेच केले.

१३ मे, मंगळवार

दुपारनंतर स्वयंपाकघरात काहीतरी चुकल्यासारखं होतं. काय ते कळत नाही. चुलीपाशी जातो, उभा राहतो, परत येतो. दुखत काही नाही. दात पडल्यावर जीभ जाते तसं.

चहा आज सहाला. की साडेसहाला. घरात घड्याळ असं नाहीच कधी. होतं ते माझ्या खिशातलं, ते माझ्याबरोबर कल्याणला जायचं नि माझ्याबरोबर यायचं. चार वर्षांपूर्वी नोकरी संपली तेव्हापासून ते उशाशी असतं. किल्ली देतो. बघत नाही.

१४ मे, बुधवार

काळुराम शिडी न्यायला आला. नेईना. ओटीच्या कडेला टेकला. तंबाखू मळत बसला, खाईना.

"मास्तर, एक बोलू? रागावाचा नाय."

"बोल."

"त्यो वळचनीचा कौल तुमी बुजवाला सांगितला म्हनून मी बुजवला. पन बाय मना कंदी त्याला हात लावून देत नव्हती. दरसाल वळचनीची कौलं काढाची, त्यो तुटका कौल बाजूला ठेवाचा, आन् परत तितंच बसवाचा. तिसरी वळ, कोपऱ्याकडून पाचवा. तुमाला ठाव नव्हता?"

मी म्हटलं, नाही.

"मी एकदा बोललू, बाय, कौलं पडलीत ढीगभर, बदलतंय. घरात पानी येते. तं मना बोलली, काळू, पानी चार महिने येते. बाकीचं आठ महिने काय येते ते तुला नाय ठाव."

"काय येतं?"

"मना क ठाव! मी कौलाच्या वर, बाय कौलाच्या खाली."

"केव्हापासून हे?"

"माजा बाप यायचा तवापासून. गेल्या सालीपन. अंगात ताप व्हता तिच्या, तरी आत उबी राहून दोनदा बोलली — काळू, माजा कौल!"

माझा कौल. हे असं कधी बोलली नाही माझ्याशी. बांगड्यांना सुद्धा माझ्या म्हटलं नाही तिनं.

"कुठाय ते कौल? ढिगात?"

"हॅ! बायचा कौल मी फेकीन क? हिरीपाशी ठेवलाय."

विहिरीपाशी गेलो. होतं. सहा दिवस मी त्याच्यावर पाय ठेवून पाय धुतोय.

काळुराम म्हणाला, "बसवू परत?"

बसवलं तर गळणार. गळलं तर सुमेधा नेणार. शब्द दिलाय मी तिला. आठ कळशांचं कोरडं छप्पर, कार्डावर लिहून कळवलेलं.

"उद्या सांगतो," म्हटलं. शिडी राहिली इथेच.

१५ मे, गुरुवार

तुळसा कुंचा घेऊन आली. चुना मुरला म्हणाली. आधी स्वयंपाकघर. कुंचा बुडवून भिंतीसमोर उभीही राहिली — गेरूच्या ठिपक्यांवर पहिला हात जाणार.

"थांब."

"क झाला?"

"आज नको."

"अवो, चुना फुकट जाईल! पुरुषमानसाला घरातलं काम सांगाला नको बा." कुंचा झाडला. चार शिंतोडे ठिपक्यांच्या वरच पडले. मग माझ्याकडे बघितलं आणि एकदम मवाळ झाली. "ऱ्हाऊ द्या. बाकीच्या खोल्या करतंय."

ठिपक्यांवरचे शिंतोडे फडक्यानं टिपले.

काळुरामला निरोप धाडला — ये.

१६ मे, शुक्रवार

हे नीट लिहायला हवं.

काळुरामनं सकाळी कौल बसवलं. तिसरी ओळ, कोपऱ्याकडून पाचवं. दुपारचं जेवण झाल्यावर मी स्वयंपाकघरात पाट घेऊन बसलो. आठ महिने काय येतं ते बघायला.

सूर्य पश्चिमेला कलला तसा तुटक्या कोपऱ्यातून कवडसा आत आला. तीनच्या सुमारास जमिनीवर होता, पाणी तापवायच्या बंबाजवळ. अधेलीएवढा. मग सरकायला लागला. पूर्वेकडे, भिंतीकडे. बसून बघितलं तर सरकताना दिसत नाही. जरा नजर काढून परत बघावं तर पुढे गेलेला.

भिंतीला लागला आणि चढू लागला.

खालच्या पुसट ओळीतला सगळ्यात खालचा ठिपका — त्याला घासून गेला. सव्वाचार झाले होते. मी उशाचं घड्याळ आणून समोर ठेवलं होतं.

मग वर. अगदी सावकाश. मला वाटतं मी इतका वेळ एका गोष्टीकडे कधी पाहिलं नाही. पंचविशी-तिशीत कवडशावर मी एक कविता केली होती, शाळेच्या वार्षिक अंकात छापून आली होती. बारा ओळी. त्या वेळी हा कवडसा या भिंतीवर रोज चढत होता आणि मी तो बघितला नव्हता.

वरच्या ओळीतला सगळ्यात खालचा ठिपका, सुटा, कमरेच्या उंचीवर. कवडसा त्याच्यावर आला. अर्धं बोट बाजूला — पट्टी नवी आहे, जाडीत फरक. पण आला.

त्याच वेळी स्टेशनात गाडी शिरल्याचं ऐकू आलं. कोपरीत ते ऐकू येतंच, ऐकू येतं म्हणून ऐकत नाही. घड्याळ बघितलं. पाच वाजून चौदा.

कल्याणहून येणारी माझी गाडी.

एकतीस वर्षं मी त्या गाडीनं उतरलो. पूल उतरून घर दहा मिनिटं. दहा मिनिटांत आधण येतं.

आठ ठिपके — आश्विन ते वैशाख. थंडीत दिवस लहान, सूर्य लवकर खाली येतो, म्हणून ठिपके वर आणि दाटीनं. उन्हाळ्यात सुटे, खाली. एकेक महिना. आणि खालची पुसट ओळ? ती कितीतरी वेळ कळेना. मग कळली. युद्धाच्या वर्षांत सरकारनं घड्याळं तासभर पुढे केली होती. माझी गाडी उन्हाच्या हिशेबानं तासभर आधी यायला लागली. तिनं भिंतीवर नवी ओळ मांडली. तीन वर्षांनी घड्याळं मागे आली तेव्हा परत वरची धरली. मी तेव्हा काय करत होतो? शिक्षकांच्या खोलीत त्या 'नव्या वेळे'वर विनोद सांगत होतो.

आणि पावसाळ्यात? ऊन नाही तेव्हा? तेव्हाही चहा गरमच असायचा. ते कसं, हे आता कुणाला विचारणार.

वर्गात मी मुलांना विचारायचो — कवीनं हे उघड सांगितलेलं नाही, मग ते कुठं दिसतं, बोट ठेवून दाखव पाहू! दाखवता आलं नाही की अंगठे धरून उभं करायचो.

भिंतीवर बोट ठेवलं. ऊन होतं बोटावर.

मग उठून चहा ठेवला. साखर घालायची राहिली. तसाच प्यालो.

१७ मे, शनिवार

काळुराम विचारत होता, काय येतं मग आठ महिने?

"ऊन," मी सांगितलं.

"ऊन तं भायेरपन हाय!"

"हो."

तुळसानं उरलेला चुना पिंपात झाकून ठेवला. स्वयंपाकघर तसंच. लेकीला काय सांगाल, म्हणाली.

१८ मे, रविवार

सुमेधा आली नाही, मुलांना गोवर. बरं झालं. कार्ड लिहायला घेतलं, 'छपराबाबत एक बदल' इथपर्यंत. पुढे काय लिहायचं? सांगून समजेल असं हे नाही. आणि तिचं चूक काय आहे? छाती माझी खरंच वाजते.

पाच चौदाला चहा ठेवला.

३ जून, मंगळवार

कवडसा शेवटच्या ठिपक्याच्याही खाली येतो आता. इथे तिनं खूण केलेली नाही. शाळेला सुट्टी असायची, मी घरीच असायचो.

मी कोपऱ्यात बसून गेरू कालवला. हात पुढे केला. परत मागे घेतला. गेरू वाटीत वाळला.

१५ जून, रविवार

दोन दिवस लागून राहिलाय. ओटी, माजघर, देवघर, सगळं कोरडं. काळुरामचे सांधे उत्तम. स्वयंपाकघरात टप, टप.

पातेलं ठेवलं. थेंब पातेल्याच्या काठावर पडतो, शिंतोडे बाहेर. सरकवलं तर दुसऱ्या काठावर. पट्टीवरून वाहत येऊन कुठून सुटतो ते नेमकं सापडत नाही.

खोकला आहे.

२४ जून, मंगळवार

सुमेधाचं कार्ड: 'रविवारी येते. पाऊस मोठा आहे, सगळं कोरडं आहे ना? नसेल तर ठरल्याप्रमाणे.'

चार वेळा वाचलं. काळुरामला सांगून नवं कौल लावून घेता येईल, एका सकाळचं काम. त्याच्या घराच्या वळणापर्यंत गेलो छत्री घेऊन. परत आलो.

मला न्यायचं तर ने म्हणावं तिला. पण कौल ती काढणार नाही आणि मीही नाही. माझ्या माघारी कुलूप लावलेल्या घरात का होईना, यायचं ते येत राहील.

हे लिहिलं आणि वाचलं. किती महिन्यांनी मी काहीतरी ठामपणे नको म्हटलंय.

२९ जून, रविवार

सुमेधा रिकामी ट्रंक घेऊन आली. छत्री मिटता मिटता आवाज ऐकला आणि सरळ स्वयंपाकघरात. "अण्णा, गळतंय की! तुम्ही तर लिहिलं होतं —"

मी म्हटलं, "राहू दे गं. भांडं आहे ना."

ती वळली. आधी माझ्याकडे बघितलं, मग वर, मग भिंतीवरच्या ठिपक्यांकडे. नंतर खाली बसली, पदर खोचला, आणि पातेलं चार बोटं चुलीकडे सरकवलं. थेंब बरोबर मध्ये पडला.

"आई इथे ठेवायची," म्हणाली.

ट्रंक संध्याकाळी परत घेऊन गेली. रिकामी.